नवं लोकसंगीत शोधायचं तर पंचांग हाताशी ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: मूळ गाव बार्शी तालुक्यातलं, नोकरी पुण्यात. लहानपणी घरी देवीच्या गाण्यांच्या आणि प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट वाजायच्या. आता ॲपवर ‘मराठी लोकगीत’ असं शोधलं की तीच तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाणी नवं मुखपृष्ठ लावून समोर येतात, नाहीतर सिनेमातली येतात. मग लोकसंगीतात नवं काही निघतच नाही का? आणि निघत असेल तर ते कळायचं कसं?

निघतं, आणि भरपूर निघतं. मी एका सामुदायिक रेडिओसाठी लोकसंगीताचा कार्यक्रम करते. दर आठवड्याला नवीन गाणी निवडणं हे माझं काम, आणि गाणी कमी पडली असं कधी होत नाही, ऐकायला वेळ कमी पडतो. तुम्हाला ती दिसत नाहीत, कारण सिनेमाची गाणी जशी शोधतात तशी तुम्ही ही शोधताय. सिनेमाचं गाणं शुक्रवार बघून येतं. लोकसंगीत यात्रा, जयंती आणि सणाच्या आधी पंधरा-वीस दिवस येतं, आणि ते ज्यांच्यासाठी केलेलं असतं त्यांच्यापर्यंत पोचून मोकळं होतं. बाहेरच्या माणसाला कळावं अशी सोय कुणी केलेलीच नसते. म्हणून पहिली गोष्ट पंचांग, दुसरी गोष्ट गाण्याखालची नावं. ॲपमधल्या युक्त्या त्यानंतर.

वर्ष कसं फिरतं ते सांगते. पौष पौर्णिमेला मांढरदेवची काळूबाईची यात्रा. तिची गाणी डिसेंबर संपता संपता यायला लागतात. 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधी पोवाडे. शिमग्याआधी आगरी-कोळी गाणी. मग चैत्र, आणि चैत्रात नुसता पूर. कार्ल्याची एकवीरा, वणीची सप्तशृंगी, जोतिबा, येरमाळ्याची येडेश्वरी या सगळ्यांच्या यात्रा एकाच महिन्यात, आणि त्यातच बहुतेक वर्षी 14 एप्रिल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून भीमगीतं इतक्या वेगाने येतात की मी त्या काळात दुसरं काही हातातच घेत नाही. तुमचं गाव बार्शीकडचं आहे, तेव्हा येडेश्वरी तुम्हाला सांगायला नको. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत भाविक रानात चुनखडी वेचतात, त्यावरसुद्धा नवी गाणी निघतात. पुण्यात बसून हे कळायला एवढंच करायचं: पौर्णिमेच्या आधी दोन आठवडे ‘येडाई’ आणि ‘येडेश्वरी’ अशा दोन्ही नावांनी शोधायचं आणि निकाल तारखेप्रमाणे लावायचे.

वैशाखात लग्नसराई, म्हणजे हळदीची गाणी. रायगड-ठाण्याच्या आगरी पट्ट्यात हळदीचं गाणं हा मोठा बाजार आहे आणि तो वर्षभर थोडाफार चालू असतो. खानदेशात त्याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. आषाढात अभंग, गवळणी, भारुडं. 1 ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती, तेव्हा शाहिरी आणि हलगीची गाणी. श्रावणात नारळी पौर्णिमेची कोळीगीतं आणि अहिराणीत खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी. नवरात्रात तुळजापूर आणि सगळ्या मराठवाड्याची आराधी गाणी, म्हणजे देवीच्या उपासकांची गाणी. दसऱ्याला दीक्षाभूमी. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य उभं राहतं आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमी. चंपाषष्ठीला खंडोबा. एवढं एकदा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंत आणि प्रत्येक तारखेआधी दोन आठवड्यांची आठवण लावलीत, तर कुठल्याही ॲपच्या शिफारशीपेक्षा जास्त हाती लागेल.

गणपतीचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्यावर जरा थांबायचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात आणि तिथून मुंबईला आलेल्या मंडळींमध्ये जाखडी हा नाचत गाण्याचा प्रकार चालतो, तिलाच शक्ती-तुरा म्हणतात. एका बाजूला शक्तीवाले शाहीर, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. सामना असतो. समोरच्याच्या सवालाला जवाब द्यायचा तर नवं गाणं बांधावंच लागतं, मागच्या वर्षीचं चालत नाही. त्यामुळे गण, गवळण आणि पुढची गाणी असा सगळा माल दरवर्षी नव्याने तयार होतो. तो आधी गावात आणि मुंबईच्या नाट्यगृहात वाजतो, मग कुणीतरी त्याचं पूर्ण चित्रीकरण चढवतं, आणि त्यातलं गाजलेलं गाणं शेवटी स्टुडिओत रेकॉर्ड होतं. स्टुडिओतल्या आवृत्तीची वाट बघत बसाल तर वर्ष जातं. शाहिराचं नाव आणि ‘शक्ती तुरा सामना’ असं घालून लांब व्हिडिओ शोधा. ऐकताना चाल एखाद्या हिंदी सिनेमाची निघाली तर नाक मुरडू नका. गाजलेली चाल उचलून तिच्यावर आपले शब्द चढवणं हे लोकगायकांचं जुनं काम आहे, आणि सामन्यात तर श्रोत्यांना चाल आधीच ओळखीची असणं हीच शाहिराची सोय असते.

आता शोधताना कोणते शब्द घालायचे. ‘लोकगीत’ हा शब्द कंपन्या आणि अभ्यासक वापरतात. गाणारी माणसं आपल्या व्हिडिओवर तो क्वचित लिहितात. ती लिहितात आराधी गीत, देवीचा मेळा, भीमगीत, कोळीगीत, आगरी हळद, धनगरी ओवी, गजी ढोल, वाघ्या-मुरळी, गोंधळ, अहिराणी गाणं, झाडीपट्टी, नमन, डबलबारी. हेच शब्द टाका. देवनागरीत एकदा शोधा आणि रोमन अक्षरांत पुन्हा शोधा, कारण निकाल वेगळे येतात. रोमनमध्ये भारूड लिहिताना कुणी एक ‘यू’ घालतं, कुणी दोन ‘ओ’. कोळीगीत कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. कंटाळा येतो, पण एकेका प्रकाराला दोन-तीन स्पेलिंग्ज लागतातच. खानदेशचं शोधताना ‘अहिराणी’ आणि ‘खानदेशी’ दोन्ही घाला. खानदेशी गाण्यांचे काही चॅनल आता एवढे मोठे झालेत की त्यांचं गाणं राज्यभरच्या वरातीत वाजतं, तरी ‘मराठी लोकसंगीत’ या शोधात ते वर येईलच असं नाही.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते गाण्याखालच्या नावांतून. नवरात्रातलं एक उदाहरण. एक आराधी गीत ऐकलं. चित्रावर देवीचा मुखवटा, पिवळी जाड अक्षरं, अशी शेकडो असतात. पण वाजवणं वेगळं होतं. चौंडकं हे तारेचं वाद्य. त्याची तार वाजवणारा हाताने ताणतो आणि सैल सोडतो, त्याबरोबर आवाज वर चढतो, खाली घसरतो. या गाण्यात ते घसरणं स्पष्ट ऐकू येत होतं आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं होतं. ऑक्टोपॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर, चौंडक्याचा आवाज लावला की प्रत्येक ठोका एकाच मापाचा पडतो, तो असा कधीच हलत नाही. म्हणजे खरा वादक स्टुडिओत बसलेला होता. मग खालचं वर्णन पूर्ण उघडलं. गायिका, गीतकार, संगीत संयोजन, कोरस, आणि सगळ्यात खाली चौंडकं वाजवणाऱ्याचं आणि स्टुडिओचं नाव. स्टुडिओ धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचा. त्या स्टुडिओचा स्वतःचा चॅनल निघाला, सदस्य अगदी थोडे, पण आसपासच्या गावांतल्या मेळ्यांची, म्हणजे देवीची गाणी गाणाऱ्या मंडळांची, गाणी एकापाठोपाठ एक. वादकाचं नाव शोधलं तर तो तीन वेगवेगळ्या मेळ्यांबरोबर वाजवत होता, आणि त्यातला एक मेळा त्या गायिकेपेक्षाही मला जास्त आवडला.

म्हणून सांगते, गायकाच्या मागे लागण्यापेक्षा वादकाच्या आणि स्टुडिओच्या मागे लागा. गायकाला प्रसिद्धी मिळाली की तो मोठ्या कंपनीकडे जातो, मग सिनेमाकडे जातो. हलगीवाला, संबळवाला आणि तालुक्याचा रेकॉर्डिस्ट तिथेच राहतात आणि पुढचा नवा आवाज आधी त्यांच्याच दारात येतो. गावातला छोटा स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतीला फोम, एक चांगला माईक आणि एक संगणक. तिथे गाणं सकाळी गायलं जातं आणि रात्री चढवलंही जातं.

‘नवीन’ या शिक्क्याची मात्र खात्री करून घ्या. यूट्यूबवर ज्या गाण्याच्या वर्णनाच्या शेवटी ‘ऑटो-जनरेटेड बाय यूट्यूब’ असं असतं, ते वितरकाकडून आलेलं असतं. त्यात वर्तुळातल्या ‘पी’पुढे ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि मालकाचं नाव असतं, आणि खाली प्रकाशनाची तारीख. या दोन्हींत गोंधळ असतो. जुनी कॅसेट आज चढवली की प्रकाशनाची तारीख आजची पडते, कधी कधी ‘पी’पुढचं वर्षही आजचंच टाकतात. अशा वेळी साधी तपासणी करायची. प्रल्हाद शिंदे 2004 मध्ये गेले, शाहीर विठ्ठल उमप 2010 मध्ये. त्यांच्या आवाजातला ‘न्यू रिलीज’ म्हणजे जुनंच ध्वनिमुद्रण. जुनं ऐकू नका असं मी मुळीच म्हणत नाही. कॅसेटच्या काळातलं पुष्कळ चांगलं काम अजून कपाटांत पडून आहे आणि त्यातलं एखादं बाहेर आलं की मला आनंदच होतो. फक्त नवं शोधताना ते नवं समजून घेऊ नका. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे आणि पुढच्या पिढीत आदर्श शिंदे, किंवा उमपांच्या घरात नंदेश उमप यांचं आजचं काम ऐकायचं तर त्यांच्या नावाने तारखेप्रमाणे लावून ऐका.

ॲपमधल्या सोयी पटकन सांगते. स्पॉटिफायची नव्या गाण्यांची ‘रिलीज रडार’ यादी दर शुक्रवारी बदलते, पण तुम्ही कलाकारांना फॉलो केलंत तर ती तुमच्या जास्त कामाची होते. म्हणून आधी बसून चांगले कलाकार फॉलो करून टाका. एकाच नावाचे दोन-तीन गायक एका पानावर चिकटलेले असतात, त्यामुळे अनोळखी गाणं दिसलं तर तो तोच माणूस आहे का हे आवाजावरून ठरवा. शोधाच्या खिडकीत वर्ष आणि लेबल घालून शोधता येतं, ते फार उपयोगी. पण खरा माल यूट्यूबवरच आहे, कारण तालुक्याच्या मेळ्याला वितरक, करार वगैरे नको असतं. तिथे ॲप उघडल्यावर येणाऱ्या होम पानावर अवलंबून राहू नका. आवडलेल्या चॅनलच्या ‘व्हिडिओ’ पानावर थेट जा, ‘अलीकडचे’ लावा. मी स्वतः फीड रीडर वापरते. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलचा फीड असतो, तो जोडला की नवं गाणं पडल्यावर यादीत येतं, मधे कुणाची शिफारस येत नाही. छोट्या चॅनलचं गाणं घंटी दाबूनही कधी कधी दिसत नाही, फीडमध्ये ते सुटत नाही.

काही संगीत प्रकाशितच होत नाही, ते जिथे होतं तिथे जाऊनच ऐकावं लागतं. संगीतबारीतली, म्हणजे थिएटरात बायकांचे फड सादर करतात ती, बैठकीची लावणी त्यातली पहिली. यमुनाबाई वाईकर 2018 मध्ये गेल्या. त्यांच्यासारख्या थोर गायिकेचंही रेकॉर्डिंग त्यांच्या कामाच्या मानाने थोडंच आहे, मग आज गाणाऱ्या बायकांचं काय सांगावं. तुम्ही पुण्यात आहात, आर्यभूषण थिएटर तुमच्याच शहरात आहे. सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची थिएटरं आहेत. जा, समोर बसून ऐका, दौलतजादा करा म्हणजे खूश होऊन गायिकेला पैसे द्या, आणि परवानगीशिवाय मोबाइल वर करू नका. पट्टणकोडोलीच्या यात्रेतले धनगरी ढोल आणि ओव्या, झाडीपट्टीचं नाटक यांचंही तेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटकांच्या हंगामात एक आठवडा काढलात तर तिथलं गाणं कसं वाढतंय ते कळेल, घरबसल्या कळणार नाही.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि दसऱ्याला नागपूरला जे स्टॉल लागतात ते पायी फिरून बघण्यासारखे असतात. पूर्वी तिथे कॅसेट आणि सीडी असायच्या, आता पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड मिळतात. त्यात नवं-जुनं सगळं एकत्र भरलेलं असतं, पण विकणाऱ्याला नेमकं माहीत असतं यंदा काय चालतंय. त्यालाच विचारा. कडूबाई खरात एकतारीवर गाताना सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिल्या, पण असे आवाज त्याआधीही आणि नंतरही या मैदानांवर आणि वस्त्यांमधल्या जयंत्यांत गातच होते, गातच आहेत. मोबाइलवर पोचलेला आवाज हा त्यातला एक.

नव्या कामात मी आणखी एक प्रकार आवर्जून मोजते: पहिल्यांदाच बाहेर आलेलं जुनं ध्वनिमुद्रण. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. तो सगळा ठेवा 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने येतोय, मराठी शब्दांसकट. काही ठिकाणी ‘पारी’ची माणसं त्या गायिकांना पुन्हा भेटायला गेली, त्यांची नवी चित्रफीत केली. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या तिथे ऐका. ओवीचा तोच घाट, तोच सूर, आणि विषय मात्र त्यांच्या आयुष्यात घडलेली उलथापालथ. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं मराठी लोकसंगीतातलं सगळ्यात मोलाचं प्रकाशन हेच आहे, आणि ते एकाही गाण्याच्या ॲपच्या ‘नवीन’ यादीत नव्हतं.

रेडिओ सोडू नका. आकाशवाणीची अनेक केंद्रं न्यूजऑनएअर ॲपवर थेट ऐकता येतात, आणि लोकसंगीताच्या वेळेत तिथे स्वरचाचणी पास झालेले स्थानिक कलाकार गातात. अशा कलाकारांचा दुसरीकडे कुठे मागमूस नसतो. माण तालुक्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे, तिच्यासारखी सामुदायिक केंद्रं आपल्या भागातले गायक सतत गाऊन घेतात. संगीत नाटक अकादमीच्या युवा पुरस्काराची यादी येते, तीत लोककलांचे कलाकार असतात. ती यादी काढा आणि एकेक नाव ऐका. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीतून शिकून बाहेर पडलेली मुलंही आता स्वतःची गाणी करताहेत. भारुडात चंदाताई तिवाडी यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. त्यांचे प्रयोग बघा आणि त्यांच्या मागे साथीला कोण उभं आहे तेही बघा.

शहरातल्या तरुण मुलांचं काम वेगळ्या दाराने शोधावं लागतं. स्वदेशी या मुंबईच्या हिपहॉप गटाने 2019 मध्ये मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी गाणं केलं, त्यात तिथलेच आदिवासी कलावंत प्रकाश भोईर गातात. अभंग रिपोस्टसारखा बँड अभंगाला बास गिटार लावतो. संभाजी भगत यांच्या शाहिरीतून तयार झालेले गट मोर्च्यात आणि वस्तीत गातात, त्यांचं रेकॉर्डिंग आलंच तर साधंसुधं असतं. यांतलं मला सगळंच आवडतं असं नाही. लोकगीताचा मुखडा तेवढा उचलून खाली तयार बीट लावलेली गाणी मी कार्यक्रमात घेत नाही. पण ज्या गाण्यात मूळ समाजाचा माणूस स्वतः गातोय आणि नाव त्याचं आहे, ते मी मनापासून लावते. देशाबाहेरही नजर असू द्या: मॉरिशसचे मराठी लोक गणेशोत्सवात अजून झाकरी करतात, आपल्या जाखडीची ती बहीण. त्यांचे व्हिडिओ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात.

दोन सवयी शेवटी. आवडलेलं गाणं कुठेतरी नोंदवून ठेवा: नाव, गायक, वादक, गाव, चॅनल, तारीख. पारंपरिक चालीवर भलताच कुणी हक्क सांगतो आणि व्हिडिओ उडतो, असं वरचेवर होतं. नोंद असेल तर तेच गाणं दुसऱ्या चॅनलवर सापडतं किंवा गायकाला थेट विचारता येतं. आणि वर्णनात फोन नंबर दिलेला असेल तर बिनधास्त फोन करा. तो कार्यक्रमाच्या सुपारीसाठीच दिलेला असतो, श्रोत्याच्या फोनचं कुणाला ओझं होत नाही. कोकणातल्या भजनवाल्यांना ‘बुवा’ म्हणा, जाखडीवाल्यांना ‘शाहीर’, आराधी बाईंना ‘ताई’ किंवा वयाप्रमाणे ‘मावशी’. गाणं आवडलं म्हणून सांगा, त्याच नंबरवर जमेल तेवढे पैसे पाठवा, आणि पुढची यात्रा कुठे, नवं गाणं कधी, एवढं विचारा. बहुतेक जण लगेच तुमचा नंबर जतन करतात, आणि पुढचं गाणं स्टुडिओतून निघालं की चॅनलच्या आधी तुमच्या व्हॉट्सॲपवर येतं.